नफ्याच्या वहीत आई कुठं आहे?

जानेवारी महिना आला, सावित्रीबाईंची जयंती झाली की आपल्याकडच्या शाळांमधून आनंदनगरी भरायला लागते. कुठं तिला बालआनंद मेळावा म्हणतात, कुठं बालबाजार म्हणतात, स्काउट-गाईडमध्ये 'खरी कमाई' असा जुना शब्द आहे. पटांगणात चुन्याच्या रेघा मारून जागा वाटून देतात, वर्गातली बाकडी बाहेर येतात, मुलं घरून पदार्थ करून आणतात आणि शिक्षक, पालक, गावकरी ते विकत घेऊन खातात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, 'विद्यार्थ्यांनी गिरवले व्यवहारज्ञानाचे धडे'. आपल्यापैकी अनेकजणी कधी पालक म्हणून, कधी पाहुण्या म्हणून अशा मेळाव्याला जाऊन आलेल्या असतील.

यंदा मुदखेड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेनं मला आनंदनगरीला परीक्षक म्हणून बोलावलं. नांदेडहून मुदखेड जवळच, रेल्वेनं वीस-पंचवीस किलोमीटर. जंक्शन असल्यानं गाडीला गर्दी असते. केळीचा आणि फुलांचा हा भाग. सकाळच्या वेळी स्टेशनच्या बाहेर फुलांच्या पाट्या आणि त्या पाट्यांशेजारी बसलेल्या बाया दिसतात. फुलं तोडणं, निवडणं, हार-गजरे ओवणं यात बायांचे हात मोठे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं त्याचा संबंध आहे.

शाळेत पोचले तेव्हा पटांगण नुसतं गजबजलेलं. सुशीला, आलूबोंडे, मिरची भजे, पाणीपुरी, केळीचे वेफर, गुलाबजाम. पोरं घसा ताणून ओरडत होती. हेडसरांनी माझ्या हातात परीक्षकांचा तक्ता दिला. चव, स्वच्छता, मांडणी आणि नफा असे चार रकाने, आणि नफ्याला सर्वांत जास्त गुण. प्रत्येक स्टॉलवर एका कागदावर भांडवल, विक्री, नफा असं लिहून लावलेलं होतं.

नववीतल्या चार मुलींचा धपाटे-दह्याचा स्टॉल सगळ्यांत पुढं होता. वीस रुपयांना दोन धपाटे आणि वाटीभर दही. पन्नास प्लेटा दुपारी एकच्या आत संपल्या. कागदावर लिहिलं होतं : भांडवल २५० रुपये, विक्री १००० रुपये, नफा ७५० रुपये. सगळ्या पटांगणात एवढा नफा कुणाचाच नव्हता. शेगडीपाशी, ताटं पुसायला, प्लेटा भरायला चारही मुली. गल्ल्यावर मात्र त्यांच्यातल्या एकीचा सातवीतला भाऊ बसलेला. मी विचारलं, "याला का बसवलंय? तुम्हाला हिशोब येत नाही का?" ती म्हणाली, "येतो की मॅडम. पण पैशाचं काम हाय, म्हणून पप्पा म्हणले त्याला बसव."

मग मी उगाच पुढं विचारत गेले. पीठ कुठलं? घरचंच. दही? घरचंच. धपाटे कुणी थापले? हिच्या आईनं अन् माझ्या आईनं. किती वाजता उठल्या होत्या? चारला. मग हे सगळं खर्चात कुठं लिहिलंय? चौघी एकमेकींकडं बघायला लागल्या. मग एक म्हणाली, "मॅडम, आईचं कामून धरायचं? ती तर घरीच असते."

दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाली, "आज माझ्या आईनं फुलं तोडायचा रोज बुडवलाय."

मैत्रिणींनो, हे ऐकूनही मी तक्त्यावर पहिला क्रमांक त्याच मुलींना दिला आणि सही करून मोकळी झाले. तक्ताच तसा होता आणि पोरींचे चेहरे फुललेले होते. संध्याकाळच्या गाडीत बसल्यावर मात्र मला स्वतःचा राग यायला लागला. आपण वर्षानुवर्षं शिबिरांमधून सांगतो की घरकाम हे काम आहे, बाईच्या श्रमाला मोल आहे. आणि इथं चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला व्यापाराचा पहिला धडा मिळत होता, त्यात तिच्या आईची किंमत शून्य होती, आणि त्या धड्याला पहिला नंबर देऊन मी आले होते. दुसऱ्या दिवशी हेडसरांना फोन करून नववीच्या वर्गावर दोन तास मागून घेतले. त्यांनी दिले, त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

पुढच्या आठवड्यात वर्गात गेले. फळ्यावर मुलींचाच हिशोब मांडला आणि वर्गालाच सांगितलं की राहिलेला खर्च तुम्ही सांगा. विकत आणलेलं सामान, म्हणजे तेल, कोथिंबीर-लसूण, कागदी प्लेटा, मिळून २५० रुपये. ते आधीच लिहिलेलं होतं. घरचं पीठ सहा किलो लागलं होतं. पन्नास रुपये किलोनं ३०० रुपये. घरचं दही तीन लिटर, साठच्या भावानं १८०. गॅसचे मुलांनी अंदाजानं ५० धरले. आता दोन आया पहाटे चारपासून नऊपर्यंत राबल्या, त्यांचे अर्धे-अर्धे रोज.

इथं वर्गात भांडण लागलं. एक मुलगा म्हणाला, "बाईचा रोज धरा, तीनशे." मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "पाचशे धरा. हाटेलात धपाटे करायला गडी ठेवला तर त्याला कुणी तीनशे देईल का?" तो म्हणाला, "पण केले बाईनंच ना!" मी काही बोलले नाही. फळ्यावर दोन्ही आकडे लिहून ठेवले. बाईच्या रोजानं दोघींचे मिळून ३०० होतात, गड्याच्या रोजानं ५००.

बाईचाच रोज धरला तरी एकूण खर्च झाला १०८० रुपये. विक्री १०००. म्हणजे शाळेत पहिल्या आलेल्या स्टॉलला ८० रुपये तोटा होता. गड्याचा रोज धरला तर तोटा २८० रुपये. आणि चार मुली दिवसभर उभ्या होत्या, त्यांचे कष्ट आम्ही अजून कुठंच लिहिलेले नव्हते.

वर्ग आधी गप्प झाला, मग हसायला लागला. त्या चौघींतली एक मात्र रडवेली होऊन म्हणाली, "मग आमचं बक्षीस वापस घेणार का मॅडम?"

बक्षीस कुणी परत घेतलं नाही. पण तिच्या प्रश्नावरून पुढचा सगळा तास रंगला. भाव किती ठेवायला पाहिजे होता? पंचवीस ठेवला असता तर १२५० रुपये आले असते. बाईच्या रोजानं १७० रुपये नफा, गड्याच्या रोजानं पुन्हा ३० रुपये तोटा. पण पंचवीसला कुणी घेतलं असतं का? मुलं म्हणाली, नसतं घेतलं, बाजूला वीस रुपयांत आलूबोंडे होते. मग वीसला घेणाऱ्या माणसाचे उरलेले पैसे कुणी भरले? थोडा वेळ लागला, पण उत्तर वर्गातूनच आलं : आईनं भरले.

आणि एका मुलानं असं काही सांगितलं की ते मला एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "सोयाबीनच्या खर्चात घरच्यांची मजुरी धरतात की. हमीभावाच्या टायमाला टीव्हीवर सांगतात. मग धपाट्याच्या खर्चात का नाही?"

तो बरोबर बोलत होता. पिकाचा उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांनी शेतात केलेल्या कामाची मजुरी धरायची, ही पद्धत आपल्या देशात सरकारदरबारी मान्य आहे. कृषिमूल्य आयोगाच्या हिशोबात 'ए-टू अधिक एफएल' असा शब्द येतो. त्यातलं एफएल म्हणजे घरच्यांचे श्रम. २०१८ च्या अर्थसंकल्पात हमीभाव दीडपट करण्याची घोषणा झाली ती याच हिशोबावर. स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीप्रमाणे जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याजही धरा, असं शेतकरी संघटना म्हणत आल्या, त्यावर मोर्चे निघाले. घरच्यांचे कष्ट खर्चात धरायचेच नाहीत असं मात्र कुणी म्हणत नाही. म्हणजे हा न्याय आपल्या गावांना चांगला ठाऊक आहे. अडतीवर माल घेऊन जाणारा बाप तो मागतो. तोच न्याय चुलीपाशी आला की आपण सगळे विसरतो. शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला हजारो शेतकरी बाया जमल्या होत्या. तिथं आणि नंतरच्या लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतीतल्या बाईच्या कष्टाचा आणि मालकीचा प्रश्न उघडपणे मांडला गेला. पण तो बांधावरून घरात फारसा शिरला नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती फक्त माझी नाही. शिक्षण संपवून कामाला लागले तेव्हा बचत गटांच्या बायांना 'उद्योग प्रशिक्षण' देण्याचं काम माझ्याकडं होतं. पापड, शेवया, मसाला, लोणचं. प्रकल्प अहवालाचा छापील नमुना यायचा. त्यात कच्चा माल, वाहतूक, पॅकिंग असे रकाने असायचे, आणि मजुरीच्या रकान्यात आम्ही लिहायला शिकवायचो : स्वयंश्रम, शून्य. तसं लिहिलं की नफा छान दिसायचा, बँकेचा साहेब खूष व्हायचा, कर्ज मंजूर व्हायचं. एका गटातली मावशी मला एकदा म्हणाली, "ताई, पापडात नफा हाय म्हंता, मंग माझ्या हाती काहून न्हाई ऱ्हात?" तेव्हा मी तिला मार्केटिंग कमी पडतं, पॅकिंग सुधारा, असं काहीतरी सांगितलं. खरं उत्तर तिच्या वहीतल्या त्या शून्यात होतं आणि ते मीच लिहायला लावलं होतं. आपण ज्याला नफा म्हणत होतो, ती तिचीच न दिलेली मजुरी होती, तीही पुरती नाही.

हे वेगळ्या रीतीनंही करता येतं, याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. मुंबईत गिरगावात १९५९ साली सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, ही गोष्ट आपण सगळ्या सांगतो. पण त्यातली हिशोबाची बाजू कमी सांगतो. तिथं लाटणाऱ्या बहिणीला किलोमागं लाटण्याची मजुरी आधी मिळते; नफा-तोटा हा त्यानंतरचा, सगळ्या सभासद बहिणींनी वाटून घ्यायचा. मजुरी वेगळी आणि नफा वेगळा. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणी कामगारांना उधारीवर डबे पुरवणाऱ्या, सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या बायांचा स्वयंपाक हा धंदा आहे, म्हणून बँकेनं त्यांना कर्ज दिलं पाहिजे, हा त्या लढ्याचा मुद्दा होता. आणि म्हसवडच्या माणदेशी बँकेची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. निरक्षर बायांना बँकेचा परवाना कसा द्यायचा, म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी नकार दिला. चेतना सिन्हा पुन्हा गेल्या तेव्हा त्या बायाच सोबत होत्या, आणि त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं की कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ साली परवाना मिळाला. म्हणजे हिशोब बायांना येतो. प्रश्न हिशोबात काय धरायचं आणि काय सोडायचं हे कोण ठरवतं, हा आहे.

आणि सोडलेलं किती आहे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायांचे रोजचे सरासरी २९९ मिनिटं बिनमोल घरकामात गेले, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७. त्यातही मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत एक, आणि बाया पाचांत चार. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ निघाले. बायांची दहा मिनिटं कमी झाली, पुरुषांचीही नऊ झाली.

या कामाला आपल्या व्यवस्थेनं किंमत लावली नाही असं नाही. लावली, पण कधी? जमशेदपूरला १९८९ साली एका कंपनीच्या समारंभात आग लागून अनेक बाया-मुलं मेली. त्या खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं नुकसानभरपाई ठरवताना गृहिणीच्या कामाचं मोल महिन्याला ३००० रुपये धरलं. त्यानंतर अपघाताच्या अनेक दाव्यांत न्यायालयांनी हा हिशोब पुढं नेला. हे निकाल महत्त्वाचे आहेत, त्यांचं स्वागतच आहे. पण विचार करा, बाई जिवंत असताना जो रकाना कुणी उघडत नाही, तो ती गेल्यावर उघडतो. नववीतल्या मुलांनी तो आईच्या हयातीत, पाच तासांच्या धपाट्यांपुरता का होईना, उघडला.

आपल्यातल्या काहीजणी इथं आक्षेप घेतील, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. त्या म्हणतील, आपण शाळकरी पोरांना धंदा कशाला शिकवायचा? बाजार आधीच घराघरांत शिरलाय. बायांना 'उद्योजिका' म्हणून गौरवायचं, डोक्यावर कर्ज द्यायचं आणि रोजगाराची जबाबदारी सरकारनं झटकायची, हे आपण बचत गटांच्या वेळी पाहिलं. आज गावोगाव आठवड्याच्या हप्त्याला घाबरून घराला कुलूप लावून बसणाऱ्या बाया आपल्याला माहीत आहेत. आता हेच लहानपणापासून सुरू करायचं का?

मला वाटतं, म्हणूनच शिकवायला पाहिजे, आणि आपण शिकवायला पाहिजे. आनंदनगरी तर भरतेच आहे. आपण नाही म्हणून ती थांबणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडं शिकावं असं म्हटलंय. दिल्लीत तिथल्या सरकारनं २०२१ साली अकरावी-बारावीच्या मुलांना धंद्याच्या कल्पनेसाठी प्रत्येकी दोन हजार रुपये बीजभांडवल दिलं होतं. तिथं निदान भांडवल कुणी दिलं ते वहीत लिहिलेलं होतं. आमच्या मुदखेडला भांडवल आईच्या पिठाच्या डब्यातून येतं आणि कुठंच लिहिलं जात नाही. शाळेत धंदा शिकवला जाणारच असेल, तर तो खोटा शिकवला जाऊ नये, एवढं तरी आपण बघू शकतो.

हाताला काम आणि त्या कामाचा हिशोब, ही मागणी तशी आपल्याच परंपरेतली आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणात हिशोब आणि शेतीचं ज्ञान असावं असं मांडलं होतं. गांधीजींची नई तालीम १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून पुढं आली. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या प्रेरणेनं शाळांमधून जो मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम गेला, त्यात मुलं-मुली दोघंही सगळी कामं करतात : मुली वेल्डिंग करतात, मुलं स्वयंपाक-आरोग्याचा भाग शिकतात, आणि वस्तू बनवली की तिला किती खर्च आला ते मांडतात. हे पाहिलं की आनंदनगरीतली मुली शेगडीपाशी आणि मुलगा गल्ल्यावर ही वाटणी किती सहज बदलता येते ते कळतं. त्यासाठी जीआर लागत नाही, वर्गशिक्षकांची इच्छा लागते.

आपल्या गटांना काय करता येईल, ते सांगते. आम्ही एका शाळेत केलं ते एवढंच आहे, त्यात तुम्ही भर घाला.

पहिलं, आनंदनगरीच्या आधी शाळेत जाऊन मुलांना पाच रकान्यांची वही द्या. विकत आणलेलं सामान, घरून आणलेलं सामान, बाजारभावानं, इंधन, पाणी, भांड्यांचं-जागेचं भाडं, कष्ट, म्हणजे कुणी, किती तास, कुठल्या रोजानं, आणि उधारी. 'कुणी' या ठिकाणी नाव लिहायला लावा. आईचं नाव पोराच्या अक्षरात त्या वहीत दिसलं पाहिजे. तेल-मिठाचा हिशोब मुलं चुकवतील, चुकू द्या.

दुसरं, गल्ला फिरता ठेवा. दर तासाला जागा बदलायची. गल्ल्यावरची मुलगी शेगडीवर, शेगडीवरचा मुलगा गल्ल्यावर. सुट्टे पैसे मोजायला, उधारी मागायला, नाही म्हणायला मुलींना शाळेतच जमलं पाहिजे.

तिसरं, मुलांना आठवडी बाजारात न्या. दोघादोघांनी एकेका भाजीवालीशी, फुलवालीशी बोलायचं : किती वाजता उठता, माल कुठून घेता, पैसे कुणाकडून आणता, त्यावर व्याज किती, जागेची पावती किती, संध्याकाळी उरलेल्या मालाचं काय करता. पोरं बोलायला लाजतात, पण ती मावशी बोलायला लागली की थांबत नाही. तिच्याकडं जेवढं व्यापाराचं ज्ञान आहे तेवढं कुठल्या गाईडात नाही. जमलं तर तिलाच वर्गावर बोलवा, पाहुणी म्हणून, खुर्चीवर बसवा.

चौथं, पैसे आले की सभा घ्या. हे पैसे कुणाचे? कसे वाटायचे? धपाट्यांच्या त्या एक हजार रुपयांचं काय झालं, हे मी त्या चौघींना विचारलं होतं. अडीचशे-अडीचशे वाटून घेतले होते. दोघींनी आईला नेऊन दिले. एकीचे पप्पांनी 'ठेवायला' घेतले. चौथी काही सांगेना. नंतर दारापाशी येऊन म्हणाली, "माझ्यापाशीच हायेत मॅडम. दहावीच्या फारमला लागतील. घरी नाही सांगितलं."

मैत्रिणींनो, या शेवटच्या मुलीमुळं हे संपादकीय लिहायला बसले. तिला अडीचशे रुपये लपवावे लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे, २०१९ ते २१ ची, महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या बायांपैकी सुमारे २२ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. शेजारच्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण निम्म्याच्या जवळ, ४८ टक्के होतं. दहावी झाली की पुढं शिकवायचं की उजवायचं, याचा निर्णय घरात होतो तेव्हा मुलीच्या बाजूचा जमाखर्च कुणी मांडत नाही. तिच्या शिक्षणाचा खर्च सगळ्यांना तोंडपाठ असतो. ती घरात आणि शेतात किती तास राबते, त्याचा रोज किती झाला, हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. आईचा शून्य लेकीच्या खात्यात तसाच चढतो. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली देशानं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला. तरी बहिणीनं वाटा मागितला की 'तिनं काय केलं या घरासाठी' असं विचारणारे घरोघर भेटतात. याचं लिखित उत्तर तिच्यापाशी नसतं.

एका शाळेतल्या पाच रकान्यांच्या वहीनं हे सगळं बदलेल, एवढी भोळी मी नाही. आणि आईच्या कष्टाची किंमत तीनशे-पाचशेत बसते, असंही मला म्हणायचं नाही. त्या दिवशी वर्गातच एका मुलीनं विचारलं होतं, आजी आजारी असताना आई रात्रभर जागते, ते कसं धरायचं? तिला मी म्हटलं, ते धरता येत नाही, पण ते आहे एवढं लिहून ठेव. याहून चांगलं उत्तर तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर मला हवं आहे.

पण एवढं नक्की, की ज्या पोरांनी एकदा स्वतःच्या हातानं आईचा रोज फळ्यावर मांडला, ती पुढं शेतकरी होतील, दुकानदार होतील, बँकेत साहेब होतील, घरात नवरे आणि सासवा होतील, तेव्हा 'ती तर घरीच असते' हे वाक्य त्यांना सहज म्हणता येऊ नये. त्या शाळेनं पुढच्या वर्षीच्या तक्त्यातून नफ्याचा रकाना काढायचं कबूल केलं नाही. मात्र त्याच्याआधी 'घरचे कष्ट धरले का?' असा एक रकाना घालायला हेडसर तयार झालेत. मला ते पुरेसं वाटत नाही, पण सुरुवात म्हणून मी ते घेतलं.

पुढचा जानेवारी यायला अवकाश आहे. जूनमध्ये शाळा उघडल्या की आपापल्या गावच्या शाळेत जा, वर्गशिक्षकांशी बोला, एक तास मागा. फळ्यावर एखादा भज्यांचा, शेवयांचा, गजऱ्यांचा हिशोब मांडून बघा. नफा किती उरला, तोटा कुणाच्या नावावर निघाला आणि मुलं काय म्हणाली, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखून ठेवली आहे. मुलांच्या वह्यांची पानं पाठवलीत तर अधिक आनंद होईल.

पत्रांची वाट पाहते.